माग आणि नोंद : राउटिंग सेवेच्या ट्रेसिंगविषयक मार्गदर्शक मजकुराची समीक्षा

सारांश : संगणकीय जाळ्यातील दोष शोधताना राउटिंग सेवेच्या अंतर्गत हालचालींची तपशीलवार नोंद घेण्याची जी सोय असते, तिला ट्रेसिंग असे म्हणतात. विंडोज २००० व विंडोज सर्व्हर २००३ या प्रणालींसोबत मायक्रोसॉफ्टने दिलेल्या ट्रेसिंगविषयक मार्गदर्शक मजकुराची समीक्षा प्रस्तुत लेखात केली आहे. हा मजकूर ट्रेसिंग सुरू कसे करावे हे नेमकेपणाने सांगतो; परंतु ते कोणत्या प्रश्नासाठी सुरू करावे आणि हाती आलेली फाईल कशी वाचावी, याविषयी तो मौन बाळगतो. हे मौन आपल्या अध्यापनातही उतरले आहे, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : राउटिंग, ट्रेसिंग, लॉग, माग, दोषशोध, तांत्रिक मजकुराची समीक्षा.

१. प्रस्तावना

कथा, कविता, कादंबरी यांची समीक्षा आपल्या परिचयाची आहे. यंत्रासोबत येणाऱ्या मार्गदर्शक मजकुराकडे मात्र समीक्षेच्या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. असा मजकूर पाळावयाचा असतो, त्याचा विचार करावयाचा नसतो, अशी समजूत त्यामागे असावी. वस्तुतः हा मजकूरही एक विशिष्ट वाचक गृहीत धरतो, काही गोष्टी सांगतो, काही वगळतो आणि त्या वगळण्याचे परिणाम वाचकास भोगावे लागतात. म्हणूनच त्याचीही चिकित्सा होणे आवश्यक आहे.

पालघर आणि बोईसर-तारापूर परिसरातील महाविद्यालयांतून माहिती तंत्रज्ञान व संगणकशास्त्राचे शिक्षण घेतलेले अनेक विद्यार्थी औद्योगिक वसाहतीतील कारखाने, पतसंस्था, रुग्णालये आणि शाळा यांच्या संगणकीय जाळ्यांची देखभाल करू लागतात. जाळे सुरळीत चालू असेपर्यंत त्यांच्या ज्ञानाची कसोटी लागत नाही. ते बंद पडले की मात्र पहिल्या अर्ध्या तासातच कळून येते की, आपण त्यांना आज्ञा शिकविल्या, परंतु शोध घेणे शिकविले नाही. प्रस्तुत विवेचन या अनुभवातून आले आहे.

२. मजकुराचे स्वरूप

माहितीचे एक पाकीट एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात जाताना कोणत्या वाटेने जावे हे ठरविणे म्हणजे राउटिंग. हे काम सामान्यतः राउटर नावाचे स्वतंत्र यंत्र करते. तथापि विंडोज सर्व्हरवर चालणारी 'राउटिंग अँड रिमोट ॲक्सेस' ही सेवाही ते करू शकते. दोन जाळी जोडणे, दूरस्थ व्यक्तीस संस्थेच्या जाळ्यात प्रवेश देणे ही तिची प्रमुख कामे होत. विंडोज २००० पासून ती सर्व्हर प्रणालीचा अंगभूत भाग आहे.

या सेवेत नोंदी ठेवण्याच्या दोन व्यवस्था आहेत. पहिली व्यवस्था घटना-नोंदीची. तिच्यात केवळ चुका नोंदवाव्यात, चुका व इशारे नोंदवावेत, सर्व घटना नोंदवाव्यात किंवा काहीच नोंदवू नये, असे चार पर्याय असतात. या नोंदी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये वाचता येतात. दुसरी व्यवस्था ट्रेसिंगची. तिच्यात सेवेचा प्रत्येक घटक स्वतःच्या अंतर्गत पायऱ्या स्वतःच्या स्वतंत्र फाईलमध्ये लिहीत जातो. ट्रेसिंग मुळात बंद असते. 'नेटश रास सेट ट्रेसिंग * एनेबल्ड' अशी एक ओळ लिहिली की सर्व घटकांचे ट्रेसिंग सुरू होते. तारांकनाच्या जागी एखाद्या घटकाचे नाव लिहिल्यास केवळ त्याच घटकाचे सुरू होते. रजिस्ट्रीतील 'ट्रेसिंग' या कळीखाली प्रत्येक घटकाची उपकळी असते. तेथे फाईलमध्ये लिहावे की नाही, फाईल कोठे ठेवावी, तिचा कमाल आकार किती असावा आणि किती तपशील लिहावा, अशी चार मूल्ये ठरविता येतात. फायली विंडोजच्या मुख्य फोल्डरमधील 'ट्रेसिंग' या फोल्डरात जमा होतात.

मार्गदर्शक मजकूर या सर्व बाबी थोडक्यात आणि क्रमवार सांगतो. तो आटोपशीर आहे. त्यात विक्रीची भाषा नाही. हे त्याचे गुण प्रथम नमूद करणे न्याय्य ठरेल.

३. मजकुराचे सामर्थ्य

या मजकुराचा सर्वांत मोलाचा भाग त्यातील इशारा होय. ट्रेसिंगसाठी यंत्राची शक्ती खर्ची पडते. यास्तव ते जपून वापरावे, आणि माग मिळाला किंवा दोष कळला की तत्काळ बंद करावे, असे तो स्पष्टपणे बजावतो. एकापेक्षा अधिक प्रोसेसर असलेल्या यंत्रावर ते सुरू ठेवून देऊ नये, असेही तो सांगतो. आजच्या यंत्रांच्या संदर्भात हा शेवटचा इशारा शब्दशः घ्यावयाचा झाल्यास ट्रेसिंग कोणत्याही सर्व्हरवर सुरू ठेवता येणार नाही; कारण एकच प्रोसेसर-गाभा असलेला सर्व्हर आता सहसा आढळत नाही. तरीही इशाऱ्यामागील तत्त्व टिकून आहे. पाहण्यालाही किंमत मोजावी लागते, आणि पाहण्याचे ओझे पाहिल्या जाणाऱ्या वस्तूवरच पडते.

हे तत्त्व केवळ एका कंपनीच्या उत्पादनापुरते मर्यादित नाही. सिस्को कंपनीच्या राउटरवरील 'डिबग' आज्ञांबाबतही असेच सांगितले जाते. वाहत्या जाळ्यावर प्रत्येक पाकिटाचे डिबगिंग सुरू केले तर राउटरचा प्रोसेसर ते लिहिण्यातच गुंतून पडतो आणि पाकिटे पुढे पाठविण्याचे मूळ काम खोळंबते. म्हणून अनुभवी अभियंता डिबग सुरू करण्यापूर्वीच 'अनडिबग ऑल' ही बंद करणारी आज्ञा हाताशी ठेवतो. दोष शोधण्यासाठी केलेला उपाय स्वतःच दोष ठरू शकतो, ही जाण या सर्व मजकुरांत आहे.

४. मजकुरातील उणिवा

(अ) अंकांची भाषा. फाईलच्या कमाल आकाराचे मूळ मूल्य मजकुरात १०००० असे छापलेले असून त्यापुढे कंसात ६४के असे म्हटले आहे. दशमान पद्धतीने वाचणाऱ्या वाचकास दहा हजार आणि चौसष्ट किलोबाइट यांचा मेळ बसणार नाही. तो अंक षोडशमान पद्धतीचा आहे. सोळाचा चौथा घात म्हणजे ६५,५३६, आणि तेच ६४ किलोबाइट. हे त्या ठिकाणी सांगितलेले नाही. वाचकाने स्वतःहून मूल्य बदलताना दशमान अंक षोडशमान चौकटीत लिहिला, तर मोठी फाईल मिळेल की लहान, याचा त्यास अंदाज राहत नाही.

तपशिलाच्या पातळीबाबतही तसेच आहे. तिचे मूळ मूल्य एफएफएफएफ०००० असे दिले असून ती सर्वोच्च पातळी होय, असे म्हटले आहे. हा ३२ बिटांचा मुखवटा आहे. त्यातील वरचे १६ बिट चालू आणि खालचे १६ बंद, एवढे गणिताने कळते; परंतु कोणता बिट कोणत्या प्रकारच्या माहितीशी निगडित आहे, हे वाचकास तेथे कळत नाही. परिणामी त्याच्यासमोर व्यवहारात दोनच पर्याय उरतात : सर्व काही, किंवा काहीच नाही. निवडीची सोय यंत्रात आहे, मजकुरात नाही.

या ठिकाणी युनिक्स परंपरेतील सिसलॉगशी तुलना उद्बोधक ठरेल. त्यात तीव्रतेच्या शून्य ते सात अशा आठ पायऱ्या असून प्रत्येकीस नाव आहे. शून्य म्हणजे आणीबाणी, तीन म्हणजे चूक, चार म्हणजे इशारा, सात म्हणजे डिबग. ही श्रेणी २००१ मधील आरएफसी ३१६४ आणि २००९ मधील आरएफसी ५४२४ या दस्तऐवजांत दिलेली आहे. नाव असल्यामुळे नवशिक्यासही निवड करता येते. बिटांच्या मुखवट्याची रचना अधिक लवचिक असेल. परंतु नावाशिवायची लवचिकता ही जाणकारांपुरतीच राहते.

(आ) ओळीचा अर्थ. ट्रेस फाईल उघडली असता प्रत्येक ओळीच्या आरंभी चौकटी कंसात एक क्रमांक, त्यानंतर सेकंदाच्या सहस्रांशापर्यंत वेळ आणि मग त्या घटकाचे म्हणणे दिसते. कंसातील क्रमांक हा ती ओळ लिहिणाऱ्या थ्रेडचा असतो. दोन थ्रेड एकाच वेळी लिहीत असल्यास त्यांच्या ओळी एकमेकींत मिसळतात. म्हणून सलग ओळी वाचण्याऐवजी एकाच क्रमांकाच्या ओळी वेगळ्या काढून वाचाव्या लागतात. वाचनाची ही पहिली पायरी मजकुरात नाही. शिवाय ओळीवर वर्ष नसते आणि ती वेळ कोणत्या कालक्षेत्राची हेही लिहिलेले नसते. सहस्रांश सेकंदापर्यंत नेमकी असलेली वेळ मुळातच दहा मिनिटे चुकलेली असू शकते, याची जाणीव वाचकास कोठेही करून दिली जात नाही.

(इ) गृहीत वाचक. सर्वांत महत्त्वाची उणीव ही आहे. ट्रेसिंगची माहिती गुंतागुंतीची असल्याने ती बहुधा कंपनीच्या साहाय्य विभागातील तज्ज्ञांना किंवा या सेवेचा दीर्घ अनुभव असलेल्या व्यवस्थापकांनाच उपयोगी पडते, असे हा मजकूर सांगतो. हे विधान प्रामाणिक आहे, यात शंका नाही. परंतु त्याचा अर्थ असा होतो की, मजकूर ज्याच्या हाती दिला आहे त्याने दार उघडावे, आत पाहावे दुसऱ्याने. वाचकाची भूमिका साक्षीदाराची न राहता टपालवाहकाची होते. त्याने फाईल तयार करावी आणि पाठवून द्यावी.

ज्या संस्थेस कंपनीचे सशुल्क साहाय्य परवडते, तिच्या दृष्टीने हे ठीक आहे. ग्रामीण आणि निमशहरी भागातील महाविद्यालयास, लहान कारखान्यास ते परवडतेच असे नाही. तेथे फाईल पाठविण्यासाठी पत्ताच नसतो. तेथे वाचणारा असेल तर तो स्थानिकच असला पाहिजे. हा वाचक मजकुराच्या कल्पनेत नाही.

५. एक अनुभव

उपरोक्त उणिवांचा व्यावहारिक अर्थ एका अनुभवाने स्पष्ट करता येईल. काही वर्षांपूर्वी बोईसर परिसरातील एका महाविद्यालयात दोन मजल्यांवरील दोन संगणक प्रयोगशाळा एका सर्व्हरवरील राउटिंग सेवेने जोडलेल्या होत्या. आठवड्यातून एक-दोनदा दुपारच्या सुमारास वरच्या मजल्यावरील जोडणी काही मिनिटे तुटे आणि आपोआप पूर्ववत होई. दोष राउटिंग सेवेतच असावा, असे सर्वांनी गृहीत धरले. प्रस्तुत लेखकाने मजकुरात सांगितल्याप्रमाणे तारांकनासह आज्ञा देऊन सर्व घटकांचे ट्रेसिंग सुरू केले आणि ते रात्रभर तसेच राहू दिले.

दुसऱ्या दिवशी जोडणी तुटून गेल्याचे उशिरा कळले. फायली उघडल्या तेव्हा बोलक्या घटकांच्या फायलींत हवी ती वेळच नव्हती. ठरलेला आकार भरला की फाईल जुनी म्हणून बाजूस ठेवली जाते, नवी सुरू होते, आणि पुढच्या खेपेस ती जुनी पुसली जाते. आम्हांस हवी असलेली मिनिटे अशा रीतीने केव्हाच पुसली गेली होती. उरलेल्या फायलींत शेकडो ओळी होत्या. परंतु त्यांपैकी कोणती ओळ नेहमीची आणि कोणती वेगळी, हे सांगता येईना. सुरळीत दिवसाचा माग आम्ही कधी घेतलाच नव्हता.

उलगडा झाला तो एका कागदी वहीमुळे. आमच्या प्रयोगशाळा सहायकांनी पूर्वी तारापूर औद्योगिक वसाहतीत पाळीत काम केले होते. तेथील सवयीने ते वीज गेल्याची, जनरेटर सुरू झाल्याची आणि वीज परत आल्याची वेळ एका वहीत लिहीत असत. सर्व्हरच्या सिस्टिम लॉगमधील नेटवर्क कार्डाची जोडणी तुटल्याच्या वेळा या वहीशी ताडून पाहिल्या, तेव्हा प्रत्येक वेळी अकरा मिनिटांचा फरक आढळला. फरक प्रत्येक वेळी तेवढाच होता, हे महत्त्वाचे. सर्व्हरचे घड्याळ अकरा मिनिटे पुढे होते. ते दुरुस्त धरले असता दोन्ही वेळा जुळल्या. वरच्या मजल्यावरील स्विच यूपीएसवर नव्हता. वीज जनरेटरवर जाताना तो बंद पडून पुन्हा सुरू होई. खात्रीसाठी दुसऱ्या खेपेस केवळ आयपी राउटर मॅनेजर या एकाच घटकाचे ट्रेसिंग दुपारी बारा ते चार या वेळेत सुरू ठेवले. त्यात दुव्याची स्थिती बदलल्याच्या ओळी स्पष्टपणे मिळाल्या. राउटिंग सेवा निर्दोष होती.

पहिल्या खेपेस माग भरपूर होता, प्रश्न नव्हता. दुसऱ्या खेपेस प्रश्न होता, म्हणून थोडा माग पुरला. दोहोंमधील फरक आज्ञेतील एका तारांकनाचा दिसत असला, तरी तो दृष्टीचा फरक आहे.

६. माग आणि नोंद यांतील भेद

येथे मराठी शब्दांचा विचार करणे उपयुक्त होईल. वर्गात 'ट्रेस घ्या' असे म्हटले की बहुतेक विद्यार्थी 'ट्रेसर्ट' ही आज्ञा देतात. ती आज्ञा पाकीट कोणकोणत्या राउटरांवरून गेले हे बाहेरून विचारते. ट्रेसिंग हे एका सेवेच्या आत काय घडले ते लिहिते. इंग्रजी शब्द जवळचे असल्याने हा गोंधळ होतो. मराठीत आपण सोयीने दोन्हींस 'लॉग पाहणे' असे म्हणून मोकळे होतो, त्यामुळे गोंधळ वाढतो.

प्रस्तुत लेखकाच्या मते इव्हेंट लॉगसाठी 'नोंद' आणि ट्रेससाठी 'माग' हे शब्द अध्यापनात जाणीवपूर्वक वापरावेत. नोंद ही नित्याची असते. काही बिघडो वा न बिघडो, ती ठेवली जाते. माग हा काढावा लागतो. कोणी तरी काही तरी शोधत असल्याशिवाय माग काढला जात नाही. नोंद सतत आणि मोजकी असावी. माग अल्पकाळ आणि सखोल असावा.

हा भेद आपल्या परिसरास नवा नाही. तारापूर अणुविद्युत केंद्राची पहिली दोन संयंत्रे २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर कार्यरत झाली. त्यानंतर औद्योगिक वसाहत वाढली. पाळीत काम करणाऱ्या कामगारांच्या पिढ्या येथे घडल्या. रासायनिक कारखान्यातील लॉगशीटवर तापमान आणि दाब यांची ठरावीक अंतराने नोंद होते व त्याखाली सही केली जाते. ही नोंद. एखाद्या पात्राचे तापमान अपेक्षेपेक्षा वेगळे वागू लागले की कामगार त्या एकाच पात्राजवळ थांबून दर पाच मिनिटांनी वाचन घेऊ लागतो. हा माग. आधीच्या पाळीची लॉगशीट असल्याशिवाय आताचे वाचन वेगळे आहे, हे कळण्यास मार्गच नसतो. नोंद ही मागाची पूर्वअट आहे. समीक्षित मजकुरात या दोन व्यवस्था शेजारी शेजारी येतात. परंतु त्यांच्यातील हे नाते सांगितले जात नाही.

७. मोठ्या जाळ्याचा दाखला

प्रयोगशाळेतील दोष चार भिंतींत राहतो. हाच भेद मोठ्या जाळ्यात कसा दिसतो, याचे एक उदाहरण मुंबईशी संबंधित आहे. इंटरनेट हे अनेक स्वायत्त जाळ्यांचे बनलेले असून प्रत्येक जाळ्यास क्रमांक असतो. कोणते पत्ते आपल्याकडून गाठता येतील, हे ही जाळी बीजीपी या संकेतप्रणालीने एकमेकांस कळवीत असतात. १२ मार्च २०१५ रोजी भारतीय वेळेनुसार दुपारी २ वाजून २८ मिनिटांच्या सुमारास मुंबईस्थित हॅथवे या ब्रॉडबँड कंपनीच्या जाळ्याने, म्हणजे क्रमांक १७४८८ ने, गुगलचे ३०० हून अधिक पत्तासमूह आपल्याकडून गाठता येतील असे भारती एअरटेलच्या जाळ्यास, म्हणजे क्रमांक ९४९८ ला, चुकीने कळविले. एअरटेलने ते पुढे इतरांस कळविले. परिणामी जगाच्या निरनिराळ्या भागांतील लोकांना काही काळ गुगलच्या सेवा मिळेनाशा झाल्या.

हे आपणांस कशामुळे कळले? राउटिंगवर देखरेख ठेवणाऱ्या बाहेरच्या संस्थांनी त्याचे विश्लेषण प्रसिद्ध केले म्हणून. अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाचा राउट व्ह्यूज हा प्रकल्प आणि युरोपातील राइप संस्थेची नोंद-सेवा जगभरातील बीजीपी घोषणा अखंडपणे साठवीत असतात. अशा संग्रहांच्या आधारे कोणत्या क्षणी कोणी काय घोषित केले, हे नंतरही तपासता येते. १६ एप्रिल २०२१ रोजी व्होडाफोन आयडियाच्या ५५४१० या क्रमांकाच्या जाळ्याने ३० हजारांहून अधिक पत्तासमूह चुकीने घोषित केले, तेव्हाही ही बाब अशाच सार्वजनिक निरीक्षणातून पुढे आली.

या दोन्ही प्रसंगी चूक घडण्यापूर्वीच नोंद चालू होती. चूक घडल्यावर ट्रेसिंग सुरू करावे, हा मार्गदर्शक मजकुराचा क्रम येथे निरुपयोगी ठरला असता. कारण काही मिनिटांत सर्व पूर्ववत झाल्यावर माग काढण्यास काही उरलेच नसते. शिवाय साक्ष देणारा तिसरा पक्ष होता. ज्याच्याकडून चूक झाली त्याच्याच फायलींवर विसंबून राहावे लागले नाही. आमच्या प्रयोगशाळेतील कागदी वहीने हेच काम केले होते.

८. कायद्याची अपेक्षा आणि अध्यापनाची स्थिती

नोंदींचा प्रश्न आता केवळ सोयीचा राहिलेला नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७०ब अन्वये सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. सेवा पुरवठादार, मध्यस्थ, डेटा सेंटर, निगमित संस्था आणि शासकीय संघटना यांनी आपल्या माहिती व दळणवळण प्रणालींच्या नोंदी सलग १८० दिवस जपून ठेवाव्यात, विहित प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्यात आणि प्रणालींची घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या कालसेवेशी जुळवून ठेवावीत, असे त्यांत म्हटले आहे. घड्याळाविषयीची अट अनेकांना किरकोळ वाटली असेल. अकरा मिनिटांच्या फरकाने ज्यांचा एक आठवडा गेला, त्यांना ती तशी वाटणार नाही.

तथापि निर्देश नोंद किती काळ ठेवावी हे सांगतात. नोंदीत काय असल्यास ती दोषशोधास उपयोगी पडेल, हे ठरविण्याचे काम अखेर स्थानिक व्यवस्थापकाकडेच राहते. १८० दिवसांची नोंद ही ट्रेसिंगच्या स्वतःस पुसत जाणाऱ्या फायलींतून मिळणार नाही. आणि ती मिळावी म्हणून ट्रेसिंग कायम चालू ठेवणे हे यंत्रावर भार टाकणारे तर आहेच, शिवाय त्यात वापरकर्त्यांची नावे, पत्ते आणि त्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा साठत जातात. दोष सापडल्यावर माग बंद करणे आणि फायली काढून टाकणे हे केवळ यंत्राच्या हिताचे नसून माणसांच्या खासगीपणाच्याही हिताचे आहे. मजकुरातील बंद करण्याचा इशारा केवळ यंत्राच्या शक्तीवर आधारलेला आहे. त्यास ही दुसरी बाजू जोडली गेली पाहिजे.

आता आपल्या अध्यापनाकडे पाहू. प्रात्यक्षिकाच्या जर्नलात विद्यार्थी आज्ञा लिहितो, अपेक्षित उत्तर लिहितो आणि निष्कर्ष म्हणून 'प्रात्यक्षिक यशस्वीरीत्या पार पडले' असे लिहितो. जाळे पहिल्या प्रयत्नात चालले नाही, कोणता पत्ता चुकला होता, तो कसा सापडला, यास जर्नलात रकानाच नाही. प्रत्यक्षात शिकण्यासारखे सर्व त्या न लिहिलेल्या अर्ध्या तासात घडलेले असते. अनेकदा मागील वर्षीच्या जर्नलावरून मजकूर उतरविला जातो आणि आपण त्यावर सही करतो. ज्या विद्यार्थ्याने तीन वर्षे यशाचीच नोंद केली, त्याला पुढे अपयशाचा माग काढता येईल, ही अपेक्षा कशी करावी? पाळी संपताना एकदम भरलेली लॉगशीट आणि सत्र संपताना एकदम भरलेले जर्नल यांत तत्त्वतः फरक नाही. दोन्हींत अंक असतात, साक्ष नसते.

या दोषात प्राध्यापकवर्गाचाही वाटा आहे आणि प्रस्तुत लेखक त्यास अपवाद नाही. मार्गदर्शक मजकूर जसा आज्ञेपाशी थांबतो, तसे आपणही थांबतो. कारण आज्ञेस गुण देता येतात, शोधास देणे कठीण जाते.

यावर उपाय अवघड नाही. ट्रेसिंगचे प्रात्यक्षिक घेताना शिक्षकाने जाळ्यात एक दोष मुद्दाम पेरावा. आज्ञा देण्यापूर्वी विद्यार्थ्याने लक्षण काय आहे, संशय कोणत्या घटकावर आहे, माग केव्हापासून केव्हापर्यंत घ्यावयाचा, तो कोणत्या घड्याळाने मोजावयाचा आणि कोणती ओळ सापडल्यास संशय खोटा ठरेल, हे लिहून द्यावे. त्याआधी सुरळीत चालणाऱ्या जाळ्याचा दहा मिनिटांचा माग घेऊन तो तुलनेसाठी जपून ठेवावा. गुण दोष सापडण्यास न देता लिहिलेल्या प्रश्नास आणि फेटाळलेल्या संशयास द्यावेत. यासाठी नवे साहित्य लागत नाही. एक सर्व्हर, दोन संगणक आणि एक वही एवढे पुरते.

९. निष्कर्ष

समीक्षित मजकूर नेमका, संयत आणि प्रामाणिक आहे. परंतु तो अंकांचा अर्थ अध्याहृत ठेवतो, ओळ कशी वाचावी हे सांगत नाही, नोंद आणि माग यांतील नाते स्पष्ट करीत नाही आणि वाचनाचा अधिकार दूरच्या तज्ज्ञाकडे सोपवितो. मजकूर लिहिणाऱ्यांस पालघर-बोईसरचा वाचक डोळ्यांसमोर नव्हता, हे समजण्यासारखे आहे. तो वाचक आपल्या वर्गात मात्र रोज बसतो.

ट्रेसिंगची फाईल ही आपोआप सत्य सांगत नाही. विचारलेल्या प्रश्नापुरतीच ती बोलते. प्रश्न न विचारता घेतलेला माग हा केवळ साठा होय. ही गोष्ट विद्यार्थ्यास उमगली, तर सर्व्हर कोणत्या कंपनीचा आहे आणि आज्ञा कोणती आहे, हे दुय्यम ठरेल. आज्ञा बदलतात आणि त्या पुस्तकात सापडतात. प्रात्यक्षिकाच्या जर्नलात 'काय बिघडले व कसे कळले' असा एक रकाना वाढविणे हे त्या दिशेचे पहिले पाऊल ठरेल. ते पाऊल उचलण्यासाठी अभ्यासमंडळाच्या मंजुरीची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या सत्रापासून ते कोणत्याही विभागास आपल्या पातळीवर करता येईल.